चांगलंय

“तिसऱ्या गाण्याला तुमचा अंगठा थांबला होता, काका,” असं म्हणून गौतमी पौडच्या एसटी स्टँडसमोर उतरली, सॅक एका खांद्याला अडकवली आणि दार अगदी हलक्या हातानं लावून चालू लागली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. जनार्दन कंधारे गाडी चालू ठेवूनच बसून राहिला. मागून एसटीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला तेव्हा कुठं त्यानं गाडी कडेला घेतली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याकडं पाहिलं. शेहेचाळीस वर्षं हा अंगठा त्याच्या हाताला होता. नख थोडं चेपलेलं, एकदा जॅकखाली सापडल्यापासूनचं. हा अंगठा गाणी ऐकताना स्टिअरिंगवर ठेका धरतो आणि गाणं पटलं नाही की गप्प होतो, ही गोष्ट त्याला आज, मंगळवारी संध्याकाळी, एका पंचवीस वर्षांच्या पोरीकडून कळत होती. मग अकरा वर्षं तोंड बंद ठेवून मिळवलं काय? तोंड बंद होतं आणि हात बोलत होता, आणि कुणीतरी बसून ते वाचत होतं. भर बाजारात सदऱ्याची शिवण उसवावी तसं त्याला झालं. राग आला, लाज वाटली, आणि ह्या दोन्हींच्या खाली कुठंतरी, कबूल करायला नको असं, बरंही वाटलं.

तसं पाहिलं तर सकाळी घडलं ते काहीच नव्हतं. जनार्दनची कॅब अकरा वर्षं हिंजवडीतल्या एका कंपनीला लावलेली. पौडला गौतमी बसायची, घोटावडे फाट्याला निरंजन, पिरंगुटला ओम आणि पिंकी, मग लवळ्यावरून नांदे आणि पुढं त्या रोजच्या गर्दीत वीसेक मिनिटं. ह्या गाडीत एक रिवाज होता, कुणी घालून दिलेला नव्हे, आपोआप पडलेला. पिरंगुटला सगळे बसले की, जो पुढच्या सीटवर असेल त्याचा फोन गाडीला जोडायचा, आणि त्यानं लावलेल्या अल्बमवर बाकीच्यांनी उतरेपर्यंत काहीतरी म्हणायचं. गौतमी चार महिन्यांपूर्वी ह्या ट्रिपला लागली. सगळ्यात आधी बसणारी, पण पुढची सीट तिनं कधी घेतली नव्हती. आज घेतली. कुणाचा ते न सांगता एक अल्बम लावला. गाणारीचा आवाज कुणी ओळखला नाही, कारण गौतमी गाडीत चार शब्दांपलीकडं कधी बोललीच नव्हती. ओम म्हणाला, व्हाइब आहे. निरंजन म्हणाला, सूर स्वच्छ आहेत, खोली कमी पडते. पिंकी म्हणाली, क्यूट है यार, आणि लिपस्टिक लावू लागली. मग गौतमीनं मान वळवून विचारलं, “काका, तुम्हाला कसा वाटला?” अकरा वर्षांत हा प्रश्न ह्या गाडीत ड्रायव्हरला कुणी विचारला नव्हता. जनार्दननं आरशातली एक मोटारसायकल बघत उत्तर दिलं, “चांगलंय.” संपलं. संध्याकाळी तिघं उतरून गेल्यावर, पौडपर्यंतच्या त्या रिकाम्या वाटेवर तिनं सांगितलं की अल्बम तिचाच होता. आठ गाणी, दीड वर्ष खपून, वाकडच्या एका फ्लॅटमध्ये दोन मित्रांच्या मदतीनं केलेली. शुक्रवारी सगळ्यांना ऐकता येईल असा तो टाकायचा होता, पण आता गुरुवारी संध्याकाळी ती मित्रांना नको म्हणून कळवणार होती. चौघांनीही बरं म्हटलं, म्हणजे कुणी ऐकलंच नाही, असं तिचं म्हणणं. त्या तिघांचं सोडा; पण काका ऐकतात हे ती चार महिने मागून बघत होती, आणि काकाही चांगलंय म्हणून मोकळे झाले. उद्यापासून शुक्रवारपर्यंत ती घरूनच काम करणार होती. जनार्दननं घाईघाईनं, जीभ अडखळत, ती गाणी माझ्या फोनवर पाठव म्हटलं. आता काय उपयोग, असं म्हणत तिनं पाठवलीही. आणि मग उतरताना ते अंगठ्याचं.

आता खरं सांगायचं तर ह्या माणसाला मतं नव्हती असं नाही. मतांनी तो ठासून भरलेला होता. गाडी पिरंगुटचा चढ चढायला लागली की एकेक अल्बम त्याच्या डोक्यात तपासणीला उभा राहायचा. ओमचं ते इंग्रजी, काळ्या कपड्यांतली माणसं घशातून ओरडतात ते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं होतं गाणाऱ्याची दाढ दुखतेय. आठवड्याभरात कळलं की त्या आरडाओरड्याच्या खाली ड्रम वाजवणारा इतका काटेकोर आहे की त्याच्या भरवशावर गाडीचे गिअर टाकावेत. राग खरा होता, पण फार नीटनेटका. भांडायला आलेला माणूस शर्टाची सगळी बटणं लावून आल्यासारखा. ओमला आवडायचे ते गर्जनेचे तुकडे. जनार्दनच्या मते ती माणसं खरी चिडलेली होती ती दुसऱ्या गाण्यातल्या त्या हळू जागेत, जिथं ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. निरंजनचा अल्बम म्हणजे एकच राग, तासभर. ओम घोरायचा, पिंकी कानात आपलं वेगळं लावायची. जनार्दनला पहिली दहा मिनिटं फार भारी वाटत. गवई घरभर किल्ली शोधतोय, आणि किल्ली खिशातच आहे हे त्यालाही ठाऊक आहे, पण शोधण्यातच त्याला गोडी लागलीय. पुढं लय वाढली की निरंजन मांडीवर हात आपटून बघा, बघा म्हणायचा. जनार्दन मनात म्हणायचा, सापडली ना किल्ली, मग एवढा गाजावाजा कशाला? पिंकीच्या नाचाच्या गाण्यांना बाकीचे दोघे नाकं मुरडत. जनार्दनच्या लेखी तोच अल्बम सगळ्यांत सरळ वागणुकीचा होता. नाचा म्हणतो, नाचवतो, जास्तीची कसलीही थाप मारत नाही. त्यात एक जागा होती, सगळा धडधडाट एकदम बंद होतो आणि एक मुलगी एकच ओळ हळूच म्हणते. त्या ओळीसाठी लवळ्याच्या वळणावर त्यानं कितीदा तरी गाडी विनाकारण स्लो केली होती. आणि त्याच्याही आधीची माणसं. अभय नावाचा एक साहेब गझलांचा अल्बम लावायचा, सात वर्षांपूर्वी. सगळे डोळे मिटून हाय हाय करत. जनार्दनला ते दुःख इस्त्री करून घातलेलं वाटायचं, एक सुरकुती नाही. जुईली नावाची एक मुलगी सहा महिनेच होती, ती अमेरिकेतला एक जुना अल्बम लावायची, नुसती वाद्यं. एकजण दुसऱ्याला बोलू देत नाही, मधेच तोडतो, आणि तरी भांडण होत नाही. ग्रामपंचायतीची सभा अशी झाली तर काय बहार येईल, असं त्याला रोज वाटायचं. आणि ह्यातलं अवाक्षर त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. डॅशबोर्डवर एजन्सीनं चिकटवलेलं कार्ड होतं, त्यात नऊ नंबरला लिहिलेलं, प्रवाशांशी आवश्यक तेवढेच बोलावे. उतरल्यावर हीच मंडळी फोनवर ड्रायव्हरला पाचपैकी चांदण्या देत. मागच्या साली एका ड्रायव्हरला जास्त बोलतो म्हणून एजन्सीनं काढलंही होतं. कारण विचारलं असतं तर जनार्दननं त्या कार्डाकडं बोट दाखवलं असतं.

पण कार्ड अकरा वर्षांचं, आणि तोंडाचं कुलूप त्याच्या कितीतरी आधीचं. चौदा वर्षांचा असताना गावातल्या भजनाला तो बापाच्या मांडीला टेकून बसायचा. कोंडीरामबुवा गायचे. आवाज मोठा, मान मोठा. एकदा त्यांनी एक चरण इतका लांबवला, इतका घोळवला की मागची माणसं जांभया द्यायला लागली, आणि जनार्दनच्या तोंडून निघून गेलं, बुवा, लई ताणलं. बुवा रागावले असते तर परवडलं असतं. ते हसले, गळ्यातले टाळ काढून त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, “घे, तू गा.” त्याला काय गाता येणार? तो उभा राहिला, टाळ हातात, आणि देवळातली चाळीसेक माणसं खदाखदा हसली. त्याचा बापही हसला. त्या हसण्यातून त्यानं स्वतःसाठी एक कायदा काढला की ज्याला गाता येत नाही त्यानं गाण्यावर बोलू नये. कायदा सोयीचा होता. पुढं तो सगळीकडं लागू झाला. ज्याला घर बांधता येत नाही त्यानं नकाशावर बोलू नये, ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं पोराच्या शाळेवर बोलू नये. भावानं हायवेलगतची जमीन विकायला काढली तेव्हाही जनार्दननं चांगलंय म्हणून सही केली होती, आणि त्या जमिनीवर आता जे हॉटेल उभं आहे त्याच्या समोरून तो रोज दोनदा जातो. लोक म्हणायचे, जनार्दन स्वभावानं गरीब. गरीब कसला! आतून तो एकेकाची सालटी काढत होता. फक्त बाहेर येताना सगळ्याचा एकच शब्द व्हायचा.

त्या मंगळवारी घरी आल्यावर त्यानं जयाला, बायकोला, हे सगळं सांगितलं. का सांगितलं ते त्यालाही कळलं नाही. जया उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता ऐकून घेतलं आणि मग त्या पोरीला खरं का नाही सांगितलं असं विचारलं. आपल्याला गाण्यातलं काय कळतं, असं तो म्हणाला. कळत न्हाई तर अंगठा कशापायी थांबला, असं तिनं विचारलं. जयाचा हात सुपातल्या तांदळावर थांबला.

“चोवीस वर्सं तुमी माज्या भाजीला चांगली हाय म्हनताय,” ती म्हणाली. “खारट झाली तरी चांगली, करपली तरी चांगली. मला अजून म्हाईत न्हाई, माजी भाजी कशी हुती ते.”

ती रागावून बोलली असती तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं. ती साधं बोलली, दुकानात भाव सांगावा तसं, आणि पुन्हा खडे वेचायला लागली. जनार्दन न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. त्याला वाटलं होतं आपण न बोलून कुणाचं काही घेत नाही. चोवीस वर्षं एका बाईला आपण काहीच दिलं नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो आयुष्यभर सगळ्यांच्या मध्ये बसून होता आणि कुणालाच भेटला नव्हता.

बुधवारी सकाळी तिघांना कंपनीत सोडलं आणि नेहमीच्या मोकळ्या मैदानात, जिथं साऱ्या कॅबवाल्यांचा दिवस जातो, तिथं त्यानं गाडी एका टोकाला लावली. बाकीचे पत्ते मांडून बसले होते. जनार्दननं काचा वर केल्या, फोन जोडला आणि गौतमीचा अल्बम पहिल्यापासून लावला. आणि इथं त्याची एक जुनी चूक उघडी पडली, जी फक्त कॅबवाल्याच्याच हातून व्हावी. त्यानं अकरा वर्षांत एकही अल्बम शेवटपर्यंत ऐकला नव्हता. कंपनीचं गेट आलं की पुढचा माणूस उतरायचा, फोन त्याच्याबरोबर जायचा, गाणं जिथं असेल तिथं तुटायचं. संध्याकाळी सगळे थकलेले, गाणी नकोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं ओमचा तो अल्बम मुद्दामच मधे सोडून दिलाय, त्याला शेवट नाही, असं त्याचं पक्कं मत झालेलं, आणि ते मात्र त्यानं एकदा कैलासला, शेजारी गाडी लावणाऱ्या ड्रायव्हरला, मोठ्या खात्रीनं सांगितलंही होतं. आज आठवं गाणं संपलं आणि पुढं काही आलं नाही. गेट नाही, ब्रेक नाही, दाराचा आवाज नाही. नुसती शांतता, आणि तीही त्याच अल्बमची वाटावी अशी. जनार्दनला एकदम भरून आलं. अरे, ह्याला शेवट असतो. कुणीतरी बसून, ठरवून, इथं थांबलेलं असतं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्या खेपेला त्यानं अंगठ्यावर नजर ठेवली, चोरावर ठेवावी तशी. पहिल्या गाण्याला अंगठा हलला, दुसऱ्याला हलला. तिसऱ्याला खरंच थांबला. ते गाणं एसटीचं होतं. पहाटेची पहिली गाडी, डबा घेऊन स्टँडवर उभी पोरगी, गाडी सुटतेय. आवाज चांगला, शब्द चांगले. मग अडतंय कुठं? तिसऱ्या खेपेला त्याला ते सापडलं, आणि सापडल्यावर तो सीटवर ताठ बसला. पहिल्या दोन्ही गाण्यांत ढोलकी कुणीतरी हातानं वाजवलेली होती. तिसऱ्यात ठोका मशीनचा होता. सरळ, मापात, एक केसभर इकडं नाही की तिकडं नाही. ती पोरगी गाडीमागं धावतेय असं शब्द सांगत होते आणि ठोका खुर्चीत बसून होता. अंगठ्याला शिरायला त्यात जागाच नव्हती. हे आपल्याला कळलं! कुणी सांगितलं नाही, शिकवलं नाही, आपल्यालाच कळलं. त्यानं काच खाली केली. कैलास बाहेर उभा राहून, हा झोपलाय का मेलाय, ते बघत होता. आज जेवायचं नाही का म्हणून त्यानं विचारलं, आणि जनार्दननं त्याला सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मी तुला एक गोष्ट चुकीची सांगितली होती. कैलासला कुठली ते आठवेना.

कळणं एक आणि सांगणं वेगळं. दुपारी त्यानं गौतमीला निरोप लिहायला घेतला. च टाईप केला मात्र, तोच फोननं आपणहून पुढं ‘चांगलंय’ असा अख्खा शब्द काढून दिला. म्हणजे फोनलासुद्धा हा माणूस काय म्हणणार ते पाठ झालेलं. त्यानं फोन शेजारच्या सीटवर फेकला. हे लिहून सांगायचं काम नव्हतंच. समोर बसून सांगायचं, आणि समोरून ‘तू गा’ असं आलं तर टाळ हातात घेऊन उभं राहायचं, त्याशिवाय ते सुटणार नव्हतं. गुरुवार उजाडला. संध्याकाळी पिरंगुटला ओम आणि पिंकीला सोडलं, फाट्याला निरंजनला सोडलं. निरंजन उतरताना म्हणाला, काका, आज गाडी जरा पळवलीत. जनार्दननं गिअर टाकला. गौतमीनं मित्रांना कळवलं असेल का, एवढंच डोक्यात होतं. मुठ्याच्या बाजूला सूर्य टेकला होता तेव्हा त्यानं पौडला स्टँडसमोर गाडी लावली, आणि तिथं त्याला आणखी एक गोष्ट दिसली, जी रोज समोर असून त्यानं पाहिली नव्हती.

कंपनीचा नियम होता की पोरींना दारातून घ्यायचं आणि दारात सोडायचं. पिंकीला तो तिच्या सोसायटीच्या लिफ्टपर्यंत सोडायचा. गौतमीचं घर स्टँडमागच्या बौद्ध वस्तीत. पहिल्याच दिवशी जनार्दन तिला म्हणाला होता की गल्ली अरुंद आहे, गाडी वळायची नाही, तू स्टँडवर येत जा. ती बरं म्हणाली होती आणि चार महिने येत होती. आज तो पायी आत शिरला तर गल्लीत एक टेम्पो उभा होता, त्याच्या शेजारी दोन स्कूटर, आणि उरलेल्या जागेतून पाण्याचा टँकर आरामात बाहेर पडत होता. गल्ली कधीच अरुंद नव्हती. तो पौडचाच, जन्मापासून ह्या वस्तीच्या तोंडावरून जात होता, शेहेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदा आत आला होता. आजा आत जात नव्हता, बाप जात नव्हता, आणि आपण त्यांच्यासारखे नाही असं समजून हाही जात नव्हता. फक्त कारण नवं शोधलं होतं. त्याला स्वतःचीच शरम वाटली. परत फिरावंसंही वाटलं. पण समोर ओट्यावर बनियनवर बसलेल्या माणसानं त्याला ओळखलं होतं.

“कंधाऱ्यांचे जनार्दन न्हवं का तुमी? या की,” तो म्हणाला. हा वाल्मीक, गौतमीचा बाप. तहसील कचेरीत शिपाई होता, आता रिटायर. जनार्दन त्याला तोंडानं थोडा आणि हातानं पुरता ओळखत होता. दर एप्रिलला जयंतीच्या दिवसांत वस्तीत गाण्यांचा फड लागायचा, त्यात वाल्मीक ढोलकीला बसायचा, आणि जनार्दन तीस वर्षं रस्त्याच्या पलीकडं, पानाच्या टपरीला टेकून, काही काम असल्यासारखा उभा राहून ती ढोलकी ऐकायचा. पोरीच्या पहिल्या दोन गाण्यांतला तो हात आपण कसा ओळखला नाही, ह्याचं त्याला आता नवल वाटलं. आत खुर्ची दिली गेली, पाण्याचा तांब्या आला. तो पाणी प्यायला. वाल्मीक त्याच्या घशाकडं बघत होता की त्याला उगाच तसं वाटलं, कोण जाणे. गौतमी आतल्या खोलीतून लॅपटॉप हातातच घेऊन बाहेर आली आणि दारात थबकली. काका इथं? काही राहिलं का माझं गाडीत, असं तिनं विचारलं.

राहिलंय, असं जनार्दन म्हणाला, आणि मग त्याला पुढचं सुचेना. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले.

“तिसऱ्या गान्यात कुनी न्हाई,” तो म्हणाला.

गौतमी हळूच म्हणाली की उलट तेच सगळ्यांत स्वच्छ झालंय, तीनदा नव्यानं केलंय ते.

“स्वच्छ हाय. पर रिकामं हाय. पोरगी पळतीया आन् ठोका बसून हाय.” एवढं बोलल्यावर त्याला थांबता येईना. पहिल्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी तू श्वास घेतेस तो ऐकू येतो, तो काढू नकोस. पाचवं सगळ्यांत भारी आहे, ते इतकं मागं का टाकलंय. सहाव्यात तू पुण्याच्या पोरींसारखी बोलतेस, तिथं गाणं तुझं राहत नाही. आपल्याच तोंडून हे येतंय ह्याचं त्याला भय वाटत होतं आणि मजाही येत होती. गौतमी लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली होती. बाप आपल्या हातांकडं बघत बसला होता. मग तिनं सांगितलं की तिसरं गाणंही आधी ढोलकीवरच केलं होतं, ह्याच खोलीत, पप्पांबरोबर. पण पुढं पुढं ठेका पळत जातो. मित्र म्हणाले, लय बिघडते. पप्पांनीही स्वतःच सांगितलं, काढून टाक.

“पोरीचं गानं हाय,” वाल्मीक खाली बघत म्हणाला. “माजा हात आता पळतो. हसं व्हायचं तिचं.”

लाव, असं जनार्दन म्हणाला. तिनं लावलं. पहिल्या दोन थापांतच त्यानं तो हात ओळखला. गाणं नेहमीच्या चालीत सुरू झालं, स्टँडवरची थंडी, डबा, कंडक्टरची घंटी, आणि मग दुसऱ्या कडव्यापासून ढोलकी हळूच पुढं सरकली. मग आणखी पुढं. पोरीचा आवाज तिला गाठायला धावला, दम लागला, एका शब्दावर घसरला, सावरला. वाल्मीकनं डोळे मिटून घेतले होते, मार खायला बसावं तसे. गाणं संपलं.

“पळतंय ना?” गौतमीनं विचारलं.

“पळू दे की,” जनार्दन म्हणाला. “यष्टी सुटल्यावर मानूस पळतंच.”

वाल्मीकनं डोळे उघडले. जनार्दनकडं बघून तो हसला. आधी नुसता ओठांत, मग खांदे गदागदा हलायला लागले, मग डोळ्यांत पाणी. गौतमी बापाकडं बघत होती. तिनं फोन उचलला, वाकडच्या मित्राला लावला आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. आत तिचा आवाज ऐकू येत होता, आता चार शब्दांवर थांबत नव्हता. नाही, रद्द नाही. उद्याच जातोय. तिसरं बदलायचंय, जुनं घ्यायचं, हो, पळणारंच, मला माहितेय ते पळतं, म्हणूनच. मित्र काहीतरी समजावत असावा, कारण ती मधेच म्हणाली, मी विचारत नाहीये रे, सांगतेय. जनार्दनच्या अंगावर काटा आला. त्यानं आजवर पुष्कळ अल्बम ऐकले होते. त्यातल्या एका अल्बममध्ये, एका कोपऱ्यात, आता त्याचं म्हणणं असणार होतं, आणि जगात कुणाला ते कळणार नव्हतं, आणि त्याची त्याला काडीचीही पर्वा वाटत नव्हती. चहा आला. वाल्मीकनं त्याच्यासमोर बशी सरकवली आणि टपरीला टेकून उभं राहायची तुमची जागा आम्हाला ठाऊक आहे, असं सहज बोलावं तसं बोलून गेला. एवढी वर्षं, असं जनार्दननं विचारलं. एवढी वर्षं. पलीकडनं ऐकनाऱ्याला आतून दिसत न्हाई व्हय, असं वाल्मीकनं वर विचारलंही. जनार्दनला हसावं की मान खाली घालावी ते कळेना. त्यानं दोन्ही केलं.

गौतमी आत आली ती गाल लाल, केस सुटलेले. समोर बसली, लॅपटॉप उघडला, आणि परीक्षेच्या निकालाची यादी वाचायला बसावं तशा आवाजात म्हणाली, बरं, आता आठवं सांगा. तिनं ते शेवटी मुद्दाम ठेवलं असणार, कारण विचारताना तिच्या डोळ्यांत एक उजेड होता. शाबासकीची वाट बघणारा. तो उजेड जनार्दनला स्पष्ट दिसला. तोंडात तो जुना शब्द तयार होता, गुळगुळीत, नेहमीचा. म्हटला असता तर संध्याकाळ गोड झाली असती.

“आठवं न्हाई जमलं,” तो म्हणाला.

गौतमीचा चेहरा उतरला नाही. भडकला. आठवं सगळ्यांत जिवाचं आहे, आजीवर आहे, त्यात एक सूर इकडचा तिकडं होणार नाही, तुम्ही नीट ऐकलंच नसणार. तीन खेपा ऐकलं, असं तो म्हणाला. आजी त्यात कुठं दिसत न्हाई, नुसतं रडू दिसतं. ती गुडघ्यांवर उठून बसली आणि बोट त्याच्यासमोर नाचवत म्हणाली, “काका, तुमचं साफ चुकतंय.”

बायको असं म्हणाली नव्हती, भाऊ म्हणाला नव्हता, साहेब म्हणाले नव्हते. शेहेचाळीस वर्षांत कुणालाही त्याला असं म्हणायची वेळच आली नव्हती, कारण चुकायला आधी काहीतरी म्हणावं लागतं. जनार्दनच्या छातीत असं काही उसळून आलं की त्याला उठून नाचावंसं वाटलं.

“चुकत आसंल,” तो म्हणाला. “पर माजं मत हाय ते.”

आणि खुर्ची पुढं ओढून त्यानं तिला आठवं गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं.